मांडवगड पाहायचा तर पाण्याच्या मागे जा

मांडवगडाला, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मांडूला, पितृपक्षात जा. सासूबाई हयात असत्या तर हे वाक्य लिहायची माझी छाती झाली नसती. पण त्या पंधरवड्यात पोळा सरलेला असतो, नागपुरात आमच्या महाल भागातून मारबतीची मिरवणूक निघून गेलेली असते, गणपती उठलेले असतात आणि नवरात्राला अजून अवकाश असतो. लोक प्रवास टाळतात, त्यामुळे गाडीत जागा मिळते आणि वर खोली मिळते. आणि मुख्य म्हणजे तेव्हा तिथले तलाव काठोकाठ भरलेले असतात, पाऊस मात्र ओसरायला लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं फार सुंदर असतं, पण कड्यावरून खालचं काही दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी अर्धं इंदूर वर आलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर जा बापा, पण मग नुसते दगड पाहाल.

मी सिंचन खात्यात आरेखक होते. नोकरीभर कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढले, त्यामुळे कुठलंही जुनं गाव दिसलं की नजर आधी उतार शोधते आणि मग पाणी कुठे अडवलं असेल ते शोधते. मांडू याच नजरेनं पाहायचं गाव आहे. गाईड सुलतान बाजबहादूर आणि त्याच्या रूपमतीची प्रेमकहाणी सांगेल, ती ऐकून घ्या. पण कड्यावर बसलेल्या, एकही नदी नसलेल्या जागेवर एक राजधानी नांदली, तर तिला पाणी कोण पुरवत होतं, हे विचारत फिरलात तर विखुरलेल्या इमारती एकमेकींना जोडल्या जातात.

निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर नकाशा उघडा आणि सॅटेलाइटचं चित्र लावा. माळव्याचं पठार दक्षिणेला विंध्याच्या धारेवर तुटतं आणि खाली निमाडचा सखल मुलूख सुरू होतो. त्या तुटलेल्या काठावर पठाराचा एक तुकडा जवळजवळ सुटा झालेला दिसेल. उत्तरेकडून त्याला काकडा खोह नावाच्या खोल दरीनं कापून काढलंय, दक्षिणेला सरळ कडा आहे. तो तुकडा म्हणजे मांडू, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटर. त्याच्या कडेकडेनं जवळपास ३७ किलोमीटरची तटबंदी फिरते आणि तिला बारा दरवाजे आहेत. दगड आपल्या ओळखीचाच, सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या अग्निजन्य दगडाची आहे तोच. तट चालून पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. तो झाडोऱ्यात हरवतो, पुन्हा निघतो, आणि जिथे कडाच पुरेसा उभा आहे तिथे भिंतीचं कामच नव्हतं.

इतिहास थोडक्यात डोक्यात असू द्या, नाहीतर गाईडच्या तोंडून सगळे सुलतान एकच वाटायला लागतात. आधी परमारांचा किल्ला. १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यानं माळवा घेतला. तैमूरच्या स्वारीनंतर दिल्ली खिळखिळी झाली, तेव्हा १४०१ मध्ये दिलावर खान घोरी इथला स्वतंत्र सुलतान झाला. त्याची राजधानी धार. त्याचा मुलगा होशंगशाह ती उचलून मांडूला घेऊन गेला. मग खिलजी घराणं आलं. पहिला महमूद लढणारा, त्याचा मुलगा गियासुद्दीन सुखात रमणारा. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहनं गड घेतला आणि १५६१ मध्ये अकबराच्या फौजांनी बाजबहादूरला हरवलं. अठराव्या शतकात मुलूख मराठ्यांकडे, धारच्या पवारांकडे आला, पण तोवर मांडूचा दिमाख संपलेला होता. एवढं पुरे.

कसं जायचं

नागपूरहून इंदूर गाठायचं. वंदे भारत दुपारी निघते आणि रात्री उशिरा पोचवते. तिकीट काढताना वेळापत्रक तपासा, ते बदलत असतं. त्या रात्री इंदुरात मुक्काम, सकाळी पोहे. इंदुरी पोह्यावर शेव आणि जिरावण नावाचा मसाला असतो, आपली तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, नसते. आमच्या गाडीतल्या एकानं ठेलेवाल्याला तर्री मागितली होती. त्याला काय हवंय ते ठेलेवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

इंदूरहून मांडू शंभरेक किलोमीटर. गंगवाल बसस्थानकावरून धारला बस मिळते, धारहून मांडूला दुसरी. चौघं असाल तर सरळ टॅक्सी करा, कारण मधे थांबायची मुभा मिळते आणि ती लागणार आहे.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी रस्ता सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, हरदा, नेमावर, इंदूर असा. पाचशे किलोमीटरच्या आसपास धरा. मुलताईला तापीचं उगमकुंड गावातच आहे, पंधरा मिनिटं थांबा. पुढे हंडिया-नेमावरला नर्मदेवरचा पूल ओलांडता. नेमावरचं सिद्धनाथाचं देऊळ घाटालाच लागून आहे आणि शिखर पाहण्यासारखं आहे. या प्रवासाची खरी सुरुवात मला इथेच वाटते, कारण दुसऱ्या दिवशी याच नदीकडे तुम्ही कड्यावरून पाहणार असता.

वर चढताना

नालछा गाव मागे पडलं की चालकाला सांगून ठेवा, काकडा खोहवर थांबायचंय. भरल्या पावसाळ्यात दरीच्या डोक्यावरून धबधबा पडतो. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी पोट्टे उभे राहतात. तुम्ही राहू नका, तो दगड शेवाळानं साबणासारखा झालेला असतो. दरी पाहिली की या गावाची संरक्षणव्यवस्था समजते. गाडीचा रस्ता ज्या अरुंद बाजूनं आत जातो, तिथेच दरवाजांची गर्दी आहे. औरंगजेबाच्या काळातला आलमगीर दरवाजा आहे, त्यापुढे आणखी. जुन्या काळचा मुख्य प्रवेश मात्र दिल्ली दरवाजा. तो आजच्या रस्त्यावर नाही, बाजूला आहे, म्हणून बहुतेक लोक तो न पाहताच परततात. सकाळी पायी जा. चढण हत्तींसाठी आखलेली आहे हे पायांना कळतं.

मुक्कामाला मध्य प्रदेश पर्यटनाची दोन ठिकाणं आहेत. मालवा रिसॉर्ट सागर तलावाच्या काठाला, मालवा रिट्रीट दरीकडे तोंड करून. मी तलाव निवडते. गावात साधी लॉजं आहेत, ती एका रात्रीपुरती ठीक. मुख्य चौकात भाड्याची सायकल मिळते आणि मांडूसाठी तिच्यासारखं वाहन नाही, कारण पठार वरून बरंचसं सपाट आहे. गुडघे दुखत असतील तर रिक्षा ठरवा. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी रिक्षाच केली आणि आम्ही सायकलवाल्या घामाघूम पोचलो तेव्हा त्या तिकीटखिडकीजवळ सीताफळ खात बसल्या होत्या.

तिकिटं तीन जागी वेगवेगळी लागतात: राजवाड्यांचा परिसर, गावातल्या होशंगशाहच्या मकबऱ्याकडे, आणि दक्षिणेला रेवा कुंडाकडे. खिडकीवर नेटवर्क दगा देतं म्हणून सुट्टे पैसे ठेवा.

राजवाड्यांचा परिसर: इथे अर्धा दिवस द्या

जहाज महालात शिरायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहा. एकीकडे मुंज तलाव, दुसरीकडे कपूर तलाव. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सुमारे १२० मीटर लांबीची दुमजली इमारत. पाणी भरलेलं असलं तरच ती तरंगल्यासारखी दिसते आणि नाव सार्थ होतं. म्हणून तर मोसमाचा एवढा हट्ट. गियासुद्दीनचा जनानखाना इथे होता आणि त्यात पंधरा हजार बायका होत्या, असं सांगतात. एकदा जोत्याचं माप नजरेनं घ्या आणि तुम्हीच ठरवा.

मग जिन्यानं गच्चीवर जा आणि खाली मान घालून चाला. सगळे जण छत्रीत उभे राहून तलावाकडे पाहतात, तुम्ही पायाखालची पन्हळ शोधा. ती सरळ जात नाही, वेटोळं घेत जाते. उगाच शोभेला कुणी दगडात एवढं कोरत बसत नाही. वळणावळणाच्या वाटेनं पाण्याचा वेग मोडतो, सोबतचा गाळ खाली बसतो आणि टाक्यात निवळ पाणी पडतं. आम्ही हेच काम पुढे मोठ्या मापात सिमेंटनं केलं. उत्तरेच्या टोकाला खाली कमानींच्या मधे सुंदर आकाराचं स्नानाचं टाकं आहे. गच्चीवर पडलेला पाऊस खालपर्यंत कसा आणला असेल याचा माग काढत जिना उतरा. गाईडला विचारलंत तर तो खूश होतो, कारण हा प्रश्न त्याला कुणी करत नाही. आमचा गाईड मला आधी ‘माताजी’ म्हणत होता, त्या प्रश्नानंतर ‘मॅडम’ म्हणायला लागला.

तिथून चंपा बावडी. वरून ती साधी विहीर वाटते. खाली मात्र तिच्या पोटाशी जोडलेली तळघरं आहेत. पाण्याला लागून असलेल्या त्या खोल्यांत भर उन्हाळ्यात गारवा राहत असणार. उतरायला मिळालं तर हात भिंतीवर ठेवून उतरा. जवळच हमाम आहे. छताला ताऱ्यांच्या आकाराची छिद्रं आहेत, त्यातून उजेड पडतो. गार आणि गरम पाण्याच्या वाहिन्या भिंतीत होत्या. हिंडोला महालाच्या भिंती बाहेरून तिरक्या, पायाशी जाडजूड आणि वर निमुळत्या, असल्या की इमारत झुलते आहे असं वाटावं. प्रत्यक्षात ती जरासुद्धा हलायची नाही म्हणूनच तो तिरकेपणा दिलाय. दहा मिनिटं द्या, पण सावली चांगली मिळते म्हणून तिथेच डबा उघडू नका, बाहेर झाडाखाली उघडा. माकडं असतात आणि ती पिशवी ओळखतात.

उन्हाळ्यात या सगळ्याचं काय होई, याची एक नोंद आहे. मार्च १६१७ मध्ये जहांगीर आपला दरबार, फौज, हत्ती-घोडे घेऊन मांडूला आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. इंग्रजांचा वकील टॉमस रो सोबत होता. एवढं माणूसबळ ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर वर चढल्यावर पाण्याचे हाल झाले आणि रोनं ती टंचाई आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. पुढे पाऊस सुरू झाल्यावर जहांगिरानं आपल्या आठवणींत इथल्या हिरवळीचं, रानफुलांचं भरभरून वर्णन केलं. दोघंही खरंच बोलत होते. पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाची वर्षातली ही दोन तोंडं आहेत.

गावातलं

जामी मशिदीचं प्रांगण मोठं आणि शांत आहे. होशंगशाहनं सुरू केली आणि पहिल्या महमूदनं १४५४ मध्ये पूर्ण केली. तिच्या मागे होशंगशाहचा संगमरवरी मकबरा. इथे गाईड हमखास सांगेल की ताजमहाल बांधण्याआधी शाहजहाननं आपले वास्तुकार इथे अभ्यासाला पाठवले. दारावरचा शिलालेख खरा आहे, उस्ताद हामिद आणि सोबतचे वास्तुकार येऊन गेल्याची ती नोंद आहे. पण तिचं साल १६५९ पडतं. तोवर ताजमहाल बांधून झाला होता आणि शाहजहान स्वतः आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. वाद घालू नका, फक्त साल वाचून दाखवायला सांगा. समोरच्या अशरफी महालात पडझडच जास्त आहे. महमूदनं तिथे सात मजली विजयस्तंभ उभारला होता, तो कोसळला. पायऱ्या चढून मशिदीचा समोरचा देखावा मिळतो, तेवढ्यासाठी जा.

रस्त्याकडेला बुंध्यानं प्रचंड, फांद्यांनी तोकडी अशी झाडं दिसतील. ती आफ्रिकेतली बाओबाब. इथले लोक त्यांना मांडूची चिंच म्हणतात आणि फळं विकतात. आतला गर पांढरा, कोरडा, आंबट. एक फोडून वाटून खा, अख्खं एकट्यानं खाऊ नका.

दुपारी दाल-पानिये मागा. मक्याच्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. आपल्या रोडग्यांची ती माळव्यातली मावसबहीणच. भाजायला वेळ लागतो, म्हणून सकाळी बाहेर पडतानाच सांगून ठेवा.

जेवणानंतर नीळकंठ. गावापासून बाजूला, कड्याच्या पोटात. पुष्कळ पायऱ्या उतरायच्या आणि अर्थातच चढायच्या. अकबराच्या काळात इथे एक विहारस्थान बांधलं गेलं, त्याच्या दक्षिणेच्या स्वाऱ्यांचे फारसी शिलालेख भिंतीवर आहेत, आणि आज आत शंकराची पूजा चालते. झऱ्याचं पाणी कुंडात येतं आणि पुढे अंगणातल्या वेटोळ्या पन्हळीतून फिरत जातं. जहाज महालाच्या गच्चीवर जे वळण पाहिलं तेच इथे वाहतं पाहायला मिळतं. जाऊबाई त्या पन्हळीशी बसकण मारून म्हणाल्या, “अगं, हे पाणी कुठून येऊन राहिलं?” त्यांना कुणीही काही शिकवलेलं नव्हतं. एखादं बेलाचं पान सोडून पाहा, वळणावर ते कसं थबकतं ते दिसेल.

दक्षिणेचं टोक

संध्याकाळच्या दोनेक तास आधी रेवा कुंडाकडे निघा. गावापासून पाच-सहा किलोमीटर आहे. नर्मदा परिक्रमेला जाऊन आलेलं कुणी घरात असेल तर त्यांना या कुंडाबद्दल विचारा. परिक्रमावासी इथे दर्शनाला येतात, कारण नर्मदेचं पाणी इथे वर प्रकटलं अशी श्रद्धा आहे. कुंडातून पाणी उचलून शेजारच्या बाजबहादूरच्या महालात नेण्याची सोय होती. तिचे अवशेष कुंडापाशी आहेत, कमानी दिसतील. महाल मात्र बाजबहादूरनं बांधलेला नाही. तिथल्या शिलालेखानुसार तो १५०८-०९ मधला, गियासुद्दीनचा मुलगा नासिरुद्दीन याच्या वेळचा, म्हणजे प्रेमकहाणीच्या कितीतरी आधीचा.

रूपमती मंडपाचंही तसंच. मुळात ती कड्याच्या काठावरची टेहळणीची चौकी, पुढे वाढवत नेलेली. रूपमती रोज इथून नर्मदा पाहून मगच जेवायची, असं सांगतात. असेल. वर जाण्याआधी तळमजल्यात वाकून पाहा. छतावरचं पाणी उतरवून साठवायचं टाकं तिथे आहे. या जागेला ना विहीर शक्य, ना तलाव, त्यामुळे पहाऱ्यावरच्या शिपायांची तहान पावसाच्या साठ्यावर अवलंबून असणार. मग वर चढा. पायाखाली तीनशेहून अधिक मीटरचा कडा आणि समोर निमाडचं मैदान. हवा स्वच्छ असेल तर दूर नर्मदेची बारीक पांढुरकी रेघ. पितृपक्षात पाऊस पडून उघडलेली संध्याकाळ मिळाली तर दिसते, ढगाळ असेल तर पहाटे पुन्हा या. वारा जोराचा असतो. पदर, ओढणी, टोपी सांभाळा आणि लहान मुलांना कठड्याशी एकटं सोडू नका. कठडे जुने आहेत. अंधार पडायच्या आत सायकलवरून परत निघा. रस्त्यावर दिवे विरळ आणि गाईगुरं भरपूर.

एक दिवस की दोन

एकच दिवस असेल तर सकाळी राजवाड्यांचा परिसर आणि संध्याकाळी रूपमती मंडप एवढंच करा. मधलं मकबरा-मशीद जेवणाच्या वेळी उरकतं. दिल्ली दरवाजा आणि नीळकंठ तेव्हा सोडावे लागतात. दोन रात्री असतील तर तिसऱ्या सकाळी घाट उतरून महेश्वरला जा. तास-दीड तासाचं अंतर आहे. अहिल्यादेवींचा वाडा, घाट, आणि हातमागाच्या साड्या. साडी घ्यायची तर आधी माग चालतो ते पाहा, मग दुकानात भाव करा.

बुटांचा तळवा खडबडीत हवा, चपला नकोत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री उलटते. टॉर्च घ्या, बावड्यांसाठी. दोन लिटरची बाटली भरून घ्या, परिसर मोठे आहेत आणि आत दुकान नाही.

परतीची वंदे भारत इंदूरहून सकाळी लवकर सुटते, त्यामुळे आदली रात्र इंदुरातच काढावी लागते. त्या रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खायला जाणार असालच, तर बॅगा आधीच भरून ठेवा. तिथून परतायला मध्यरात्र उलटते.